घरी ठसका लागतो का?

कुकटपल्ली, हैदराबाद
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यांना त्रिवेणीचा नमस्कार.

आधी एक चूक दुरुस्त करते, मग बाकीचं लिहिते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, "यंत्रामुळे बाबा पुन्हा गिळायला लागले." हे खरं आहे की नाही ते मला माहीत नाही. माहीत नसताना मी ते ठामपणे लिहिलं. तुम्ही ते पत्र उदगीरला चार जणांना वाचून दाखवलं असेल, म्हणून आणखीच वाईट वाटतं.

इस्पितळात जे चाललंय तो एक प्रयोग आहे. पक्षाघातानंतर ज्यांना गिळता येत नाही अशांच्या डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्याने बसवतात आणि त्यांतून अगदी हलका विजेचा प्रवाह सोडतात. कुठे टोचायचं नाही, कापायचं नाही. त्याच वेळी चमच्याचमच्याने गिळण्याचा सराव करून घेतात. पण अर्ध्या लोकांना खरा प्रवाह मिळतो आणि अर्ध्यांना नुसता भास. सुरुवातीला सगळ्यांच्याच डोक्याला मुंग्या येतात, मग काहींचं यंत्र गुपचूप बंद होतं. कुणाचं चालू आणि कुणाचं बंद हे बाबांना माहीत नाही, आणि सराव करून घेणाऱ्या भाग्यलक्ष्मी मॅडमनाही माहीत नाही. शिवाय कितीतरी लोक काही न करताही हळूहळू सुधारतात. तेव्हा बाबा गिळू लागले हे खरं, पण कशामुळे ते सांगता येणार नाही.

पहिल्याच दिवशी बाबा त्यांना म्हणाले होते, "म्हणजे मी तुमचा उंदीर." त्या हसून म्हणाल्या, "अंकल, चूहे इतने सवाल नहीं करते." बाबांना त्या तेव्हापासून आवडतात. त्यांनी समजावलं की गिळण्याचं काम मेंदूच्या दोन्ही बाजू करतात, पण एक बाजू जास्त करते. ती जखमी झाली की दुसरीला शिकवून तयार करता येईल का, हे ते बघतायत. बाबा म्हणाले, "थोरला आजारी पडला की धाकट्यानं दुकान सांभाळायचं, एवढंच ना?" डोक्यावर ओली इडली ठेवल्यासारखं वाटतं असंही ते म्हणतात.

परवा शुक्रवारी तपासणी झाली. क्ष-किरणांखाली बाबांना एकेक चमचा देऊन गिळताना बघितलं. घास नीट जात होता. नाकातली नळी ऑगस्टमध्येच निघाली होती. आता साधं पाणी आणि रोजचं जेवण सुरू करायला परवानगी मिळाली. इतके दिवस पाण्यात पावडर घालून घट्ट करून द्यावं लागायचं, त्याला बाबा खळ म्हणायचे. "मी काय पुस्तकं चिकटवतो काय, खळ प्यायला?" पावडरची ती बाटली आईने माळ्यावर टाकली.

डावा हात अजून लुळा आहे. खाली बसता येत नाही म्हणून जेवणाचं टेबल आणलं, पण टेबल आलं तरी पंगतीचा नियम बाबांनी मोडू दिला नाही. सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. ओमकारला ऑफिसची कॅब गाठायची असते, तो हात वाळवत बसतो आणि आईकडे बघून भुवया उडवतो.

मुख्य निरोप हा की तुमच्या प्रशांतदादाचं केळवण बाबा स्वतः करणार आहेत. मामाच्या घरचं केळवण पहिलं व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. रविवार, २३ नोव्हेंबर. तुम्ही, दादा आणि दादाच्या सासरची माणसं. बाबा म्हणतात, "शांतेला लिही, पान मांडून बसेन. मामा आजारी आहे असं कुणी म्हणता कामा नये."

पत्र नेहमीप्रमाणे बाबांनी तपासलं. दोन चुका निघाल्या, त्या सुधारून पुन्हा लिहिलं आहे.

तुमची,
त्रिवेणी


उदगीर
१९ ऑक्टोबर

चि. त्रिवेणी,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. मला ऐकू येत नाही म्हणून फोनवर तुम्ही सगळे ओरडता, त्यापेक्षा तुझं पत्र बरं. सावकाश वाचता येतं, आणि हवं तितक्या वेळा पुन्हा वाचता येतं.

तू काय सगळं इतकं खरं खरं लिहायलीस गं? मी तर शेजारी सांगून मोकळी झाले की यंत्र लावलं आणि भाऊ जेवायला लागला. आता काय, घरोघरी जाऊन दुरुस्त करू? असू दे. जेवतोय ना, मग झालं.

पण एक गोष्ट मनावर घे. ते डोक्याला वीज लावल्याचं दादाच्या सासरच्यांपुढे काढू नका. तू लिहिलंस तसं कितीही साधं असलं तरी लोक ऐकतात ते निराळंच. डोक्याला वीज म्हटलं की त्यांना वेड्यांचं इस्पितळ आठवतं. मग मामाला काय झालं होतं, घरात आणखी कुणाला आहे का, असं सुरू होतं. तुझंही व्हायचंय अजून. मामाला थोडा अशक्तपणा होता, व्यायामाने बरं वाटलं, एवढं पुरे. हे खोटं नाही. थोडं कमी खरं आहे.

केळवणाचं वाचून डोळे भरून आले. जुलैत आजारी पडल्यापासून नरहरने मला स्वतःहून एक शब्द कळवला नव्हता. आम्ही शनिवारच्या गाडीने येऊ, नामपल्लीला ओमकारला पाठव. सुनेच्या माहेरची सहा माणसं आहेत. पुरण घाल म्हणून आईला सांग, पण कटाची आमटी नरहर सांगेल तशीच झाली पाहिजे, नाहीतर तो पानावरच मास्तरकी करेल.

आणि तो पंगतीचा नियम. आमच्या सुलतान बाजारच्या घरातही तोच. तुझ्या आजोबांच्या, आप्पांच्या पंगतीला वीस पानं असायची आणि शेवटचा माणूस ताकाचा द्रोण खाली ठेवेपर्यंत कुणाची हलायची टाप नव्हती. फक्त शेवटची दोन-तीन वर्षं आप्पा एकांतात जेवायचे. त्यांचं व्रत होतं. आतल्या खोलीत पान जायचं, दार लावायचे, आणि आई कुणाला तिकडे फिरकू द्यायची नाही. नरहर तेव्हा वसतिगृहात होता, त्याला त्या व्रताचा फार अभिमान. असा निग्रह आता कुणाकडे उरला आहे?

भाऊबीजेची भेट पाठवते आहे. नरहरला म्हणावं, या वर्षी भाऊबीजेला तू येणार नाहीस, तरी मी रुसणार नाही.

तुझी आत्या


कुकटपल्ली
२ नोव्हेंबर

ती. आत्यांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. भाऊबीजेनंतर बाबांना ताप होता. इथे दिवाळीत हवा धुराची झाली होती, घरोघरी खोकला आहे. कॉलनीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आठवड्यात उतरला. आता बरं आहे, थोडा कफ आहे.

विजेचं कुणाला सांगणार नाही. "थोडं कमी खरं" हे बाबांना फार आवडलं, दोनदा वाचलं.

केळवणाची तयारी बाबा स्वतः बघतात. रोज आईला नवीन पदार्थ सांगतात आणि ती रोज म्हणते, "तुमची सासू जेवायला आली तेव्हासुद्धा इतकं केलं नव्हतं." काल त्यांनी मला बसवून कुणाचं पान कुठे ते ठरवलं. टेबलाला टेबल जोडून सलग पंगत करायची. मधोमध प्रशांतदादा, उजवीकडे बाबा, म्हणजे डावा हात कुणाला दिसणार नाही. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून कधी कधी थेंब ओघळतो, त्यासाठी मांडीवर पंचा. पंचा खांद्यावर घेतला तर शोभेल की मांडीवर ठेवावा, यावर अर्धा तास गेला. शेवटी खांद्यावर ठरला. तसं मामा लोक पूर्वी घ्यायचेच म्हणे.

जेवण नीट चाललं आहे. मधे एकदोनदा ठसका लागला, तो मिरचीचा. आईच्या हातून हिरव्या मिरच्या जरा जास्त पडतात. जेवल्यावर बाबांचा आवाज घटकाभर पाण्यातून बोलल्यासारखा येतो, मग मोकळा होतो. ते ताकामुळे असेल.

शेवटची तपासणी २० तारखेला आहे. ती झाली की इस्पितळात जायचं संपलं.

कामावरून यायला मला उशीर होतो, नामपल्लीच्या आमच्या कचेरीत वर्षअखेरीसारखी गर्दी आत्ताच आहे. म्हणून पत्र थोडक्यात.

त्रिवेणी

ता. क. शांते, ही पोरगी उगाच बारीकसारीक लिहीत बसते. मी जेवतो. आप्पांच्या मुलाला पंगतीत बसता येत नाही असं होईल का? ये लवकर, तुझ्याआधी माझं जेवण झालं नाही तर आप्पांचं नाव लावणार नाही. — नरहर


उदगीर
८ नोव्हेंबर

चि. त्रिवेणीस,

हे पत्र तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवलं आहे, घरच्या नाही. घाबरू नकोस. नरहरने वाचू नये एवढंच.

तू लहान होतीस तेव्हा त्याने तुला पाटीवर मराठी शिकवलं. बाहेरच्या शाळेत घालायच्या आधी दोन वर्षं घरीच बसवलं होतं. मी सुट्टीला आले की बघायची. पाटी त्याला दाखवल्याशिवाय तू आईलाही दाखवायची नाहीस. "चूक घराबाहेर जाऊ द्यायची नाही," हे त्याचं वाक्य. तुझी पत्रंही अजून त्याच चाळणीतून येतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी तुझ्या पत्रात काय लिहिलंय त्यापेक्षा काय राहिलंय ते बघते.

पोरी, मिरचीचा ठसका मला माहीत आहे. साठ वर्षं चुलीपुढे काढली. त्याने नाक वाहतं, डोळे वाहतात, आणि माणूस लगेच शिव्या देतो. आवाज पाण्यातून आल्यासारखा होत नाही. तसा आवाज मी आयुष्यात एकाच माणसाचा ऐकलाय. तेव्हा माझे कान शाबूत होते.

आप्पांचं व्रत नव्हतं. त्यांना गिळता येत नव्हतं. काय झालं होतं ते तेव्हा कुणी शोधलं नाही. एका बाजूने तोंड जरा ओघळलं होतं, तेवढंच. ते पंगतीत बसले की घास तोंडात फिरवत राहायचे आणि सगळी पंगत हात वाळवत त्यांच्याकडे बघायची. कुणी काही बोलायचं नाही. न बोलणंच फार असायचं. मग ते भराभर गिळायचे आणि ठसक्याने लालबुंद व्हायचे. एकदा पाहुण्यांसमोर ताक नाकातून आलं. दुसऱ्या दिवशी आईने जाहीर केलं की मालकांनी एकांतभोजनाचं व्रत घेतलंय. सगळ्यांनी हात जोडले. आतल्या खोलीत ते काय खायचे, किती खायचे, किती वेळ खोकायचे, हे बंद दाराआड राहिलं. एका थंडीत ताप आला आणि आठवड्यात गेले. लोक म्हणाले, व्रतस्थ माणूस, सुखाने गेला.

नरहरला हे कुणी सांगितलं नाही. त्याने ते व्रत डोक्यावर घेतलं. मी गेल्या पत्रात तुलाही तेच लिहिलं. इतकी वर्षं म्हणून म्हणून मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं बघ.

तुमच्या घरी दिवाळीनंतर ताप आला होता. म्हणून हे लिहिलं.

आता माझं ऐक. त्याच्या पाठीमागे त्या बाईंना फोन कर आणि काय होतंय ते सांग. त्याच्यासमोर नको. पुरुषमाणसाची लाज राखावी लागते. आणि केळवणाची काळजी करू नकोस. माझं पान त्याच्या शेजारी मांड. माझ्या कवळीचं तुला माहीत आहे, मी नेहमी शेवटची उठते. मी सगळ्यांत मोठी, माझ्यासाठी पंगत थांबेल, आणि मी असं सावकाश जेवेन की प्रशांतच्या सासूला झोप लागेल. सगळे माझ्याकडे बघतील. माझ्याकडे बघून बघून कंटाळू देत. नरहरला घाई करायचं कारणच उरणार नाही.

तुझी आत्या


कुकटपल्ली
१५ नोव्हेंबर

ती. आत्यांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र बाबांनी तपासलेलं नाही. चुका असतील. मी ते कचेरीत बसून लिहिते आहे आणि बाहेरच्या पेटीत टाकूनच घरी जाणार आहे.

मी तुम्हाला तीन पत्रांत मिळून जे लिहिलं त्यातली एक चूक पहिल्याच पानावर दुरुस्त केली होती. ती सोपी होती, कारण तिच्यात माझी फारशी लाज जात नव्हती. खरी चूक मी तशीच ठेवली.

१० ऑक्टोबरच्या तपासणीत क्ष-किरणाचं झाल्यावर भाग्यलक्ष्मी मॅडमनी मला विचारलं, "घर में खाते वक्त ठसका लगता?" बाबा शेजारच्या खुर्चीत होते. रोज लागत होता. जेवताना एकदा तरी लागायचाच, कधी कधी डोळे बाहेर येतील इतका. मी तोंड उघडलं आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पाटीवर चूक सापडली की ते बोट ठेवायचे, शब्द बोलायचे नाहीत, तसं. मी म्हणाले, "नहीं." त्यांनी पुन्हा विचारलं, "पक्का?" मी म्हणाले, "पक्का." तोपर्यंत बाबांनी मान वळवून खिडकीकडे बघायला सुरुवात केली होती. परतताना रिक्षात ते माझ्याशी फार प्रेमाने बोलले. कुकटपल्ली येईपर्यंत मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

माझ्या त्या शब्दावर साधं पाणी सुरू झालं. दिवाळीनंतरचा ताप धुराचा होता की छातीत गेलेल्या पाण्याचा, मला सांगता येणार नाही. मी इस्पितळात कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तो प्रश्न पुन्हा आला असता. १२ ऑक्टोबरच्या पत्राच्या मूळ कागदावर मी तुम्हाला लिहिलं होतं, "घरी ठसका लागतो, पण तिथे सांगितलेलं नाही." बाबांनी ते खोडलं नाही. त्याखाली एक रेघ ओढली आणि म्हणाले, "या वाक्याची गरज आहे का?" मी पत्र पुन्हा लिहिलं. दोन चुका निघाल्या असं तुम्हाला कळवलं ना, त्यातली ही एक.

एक गोष्ट मला कळत नव्हती. इस्पितळात बाबा खरंच नीट गिळतात. पडद्यावर घास खाली जाताना मी स्वतः पाहिला. घरी आले की ठसका. मला वाटायचं, यंत्राचा गुण घरी येईपर्यंत उतरतो. तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी मी पहिल्यांदा बाबांच्या पानाकडे न बघता बाकीच्यांकडे बघितलं. आईचं झालं होतं, ती भांड्यांचा हिशोब करत बसली होती. ओमकार घड्याळ बघत होता.

"बाबा, कॅब खाली उभी आहे. उठू?"

"ऊठ की. आपल्या घरात पंगत मोडणारा पहिला म्हणून नाव लागेल."

"मग राहू दे. ड्रायव्हरलाच वर जेवायला बोलावतो."

सगळे हसले, बाबाही हसले. आणि मग उरलेला भात त्यांनी तीन घासांत संपवला, वर ताक ओतलं. पंच्यात तोंड खुपसून किती तरी वेळ खोकले. आई पाठ चोळत होती. पंचा खाली आला तेव्हा डोळे लाल होते आणि त्या पाण्यातल्या आवाजात ते म्हणाले, "जा आता. उशीर करू नकोस."

इस्पितळात त्यांच्यासाठी कुणी थांबलेलं नसतं, आत्या. तिथे मॅडम म्हणतात, "हल्लू हल्लू अंकल, कायकू जल्दी?" घरी आम्ही तिघं प्रेमाने थांबतो आणि ते आमच्यासाठी घाई करतात.

बुधवारी आई आणि ओमकार लग्नाला गेले होते. तुम्ही म्हणालात तसं मी करून बघितलं. बाबांच्या समोर बसले आणि पोळीचा एकेक तुकडा चिमणीसारखा खाल्ला. बाबा म्हणाले, "काय गं, जेवायला बसलीस की पोथी वाचायला?" मी म्हणाले, भूक नाही. त्यांनी अर्धं जेवण झाल्यावर चमचा खाली ठेवला, मला कटाच्या आमटीत गूळ कधी घालायचा ते सांगितलं, मग पुन्हा घेतला. एकदाही ठसका लागला नाही. किती दिवसांनी ते जेवताना बोलले.

मला इतका आनंद झाला की मी लगेच ठरवलं, आता सांगायची गरज नाही. आपण सगळे सावकाश जेवू, केळवण पार पडेल, तुमची कवळी आमचं सगळं झाकेल. रात्री अंथरुणावर मला जाणवलं की हे ठरवणारी मी आणि "पक्का" म्हणणारी मी एकच आहे. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, काही जणांच्या श्वासनळीत पाणी जातं आणि ठसकाही लागत नाही. म्हणजे ठसका नाही हा पुरावा नाही. बुधवारी जे झालं त्यावर मी बाबांचा जीव ठेवू शकत नाही.

आणि दुसरंही आहे. माझं "नाही" एकट्या बाबांपुरतं राहणार नाही. ते इतर साठ-सत्तर जणांच्या उत्तरांत मिसळेल. बाबांना खरा प्रवाह मिळाला असेल तर गुण आला त्याहून जास्त दिसेल, आणि नुसता भास मिळाला असेल तर खरं यंत्रच कुचकामी वाटेल. दोन्हीकडून उद्या कुणाच्या तरी घरात चुकीचं काही होईल, आणि ती माणसं मला कधीच माहीत असणार नाहीत. चूक घराबाहेर जाऊ नये म्हणून मी जे केलं, त्याने ती कुठवर गेली!

आत्या, तुमचं एक ऐकणार नाही, त्याची माफी मागते. मी पाठीमागे फोन करणार नाही. माझं "नाही" बाबांच्या समोर झालं. "हो" त्यांच्या पाठीमागे झालं तर ते पुन्हा एक बंद दार होईल, फक्त या वेळी आत बाबा असतील आणि दाराशी आजीच्या जागी मी. त्यांची लाज जाईल हे मला माहीत आहे. माझीही जाईल, त्या मॅडमसमोर, ज्यांनी पुन्हा विचारलं होतं.

आप्पांचं मी बाबांना सांगणार नाही. ते तुम्ही सांगा, इथे आल्यावर, तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा. तुमच्या तोंडून ते ऐकतील. माझ्या तोंडून ऐकलं तर ते माझं शस्त्र वाटेल.

केळवण ठरल्याप्रमाणे २३ तारखेलाच. मामाचं पान दादाच्या उजवीकडेच मांडू. त्यावर काय वाढायचं ते मॅडम सांगतील. खळ वाढायला सांगितली तर खळ वाढू, आणि मग मीही खळच पिईन, बाबांना आवडो न आवडो. तुमचं पान बाबांच्या शेजारी. कवळी जरूर आणा.

आईला आज घरी गेल्यावर सांगते. ओमकारलाही. बाबांना आदल्या दिवशी संध्याकाळी सांगेन की मी उद्या काय म्हणणार आहे, म्हणजे मी मागून वार केला असं त्यांना वाटणार नाही. ते बोट ठेवून बघतील. मला माहीत आहे की मी तेव्हा घाबरेन, म्हणूनच हे तुम्हाला आधी लिहून पेटीत टाकते आहे. एकदा उदगीरला पोहोचलं की मला ते पुन्हा लिहून काढता येणार नाही.

मॅडम विचारतील, "घर में ठसका लगता?" बाबा शेजारी बसलेले असतील. मी "हो, रोज लागतो, आणि मागच्या वेळी मी खोटं बोलले" असं म्हणणार आहे, गुरुवारी, २० नोव्हेंबरला.

त्रिवेणी